भाषेच्या उगमाकडे : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांचा जेथे संगम होतो, तेथे एक प्रसिद्ध क्षेत्र वसलेले आहे. कागदोपत्री त्याचे नाव नृसिंहवाडी असे असले, तरी लोकांच्या तोंडी ते नरसोबाची वाडी असेच आहे. श्रीदत्तात्रेयांच्या पादुकांच्या दर्शनासाठी तेथे बारा महिने यात्रेकरूंची रीघ लागलेली असते. कोणी सांगली-मिरजेकडून येतो, कोणी कोकणातून घाट चढून येतो, तर कोणी जवळच्याच कर्नाटकातून येतो. घाटाच्या पायऱ्यांवर थोडा वेळ उभे राहिले, की एका कानावर मराठी पडते आणि दुसऱ्या कानावर कन्नड.

त्या घाटावर उभ्या राहिलेल्या एखाद्या चौकस मुलाच्या मनात दोन प्रश्न सहज येतील. पहिला प्रश्न असा, की नृसिंहाचा नरसोबा कसा झाला? लोकांच्या अडाणी जिभेने मूळ शब्द बिघडवला, की शब्दांच्या या बदलण्यालाही काही नियम असतो? दुसरा प्रश्न याहून नवलाचा आहे. मराठी यात्रेकरू सात म्हणतो. त्याच पायरीवर स्नान करणारा कन्नड यात्रेकरू त्याच संख्येला एळु म्हणतो. दोघे शेजारी राहतात, एकाच देवाला येतात, एकाच नदीचे पाणी पितात. तरी त्यांचे हे शब्द एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. उलट हजारो मैलांवरच्या इंग्रजाचा सेव्हन, प्राचीन रोमच्या लॅटिन भाषेतील सेप्टेम आणि संस्कृतातील सप्त हे शब्द मात्र एकाच घरातील भावंडांसारखे दिसतात. जवळचे परके आणि दूरचे आप्त, असे का व्हावे?

या प्रश्नांची उत्तरे शास्त्रीय पद्धतीने शोधणारे आणि ती आपल्या देशबांधवांना समजावून देणारे पहिले थोर भारतीय पंडित म्हणजे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होत.

रामकृष्णाचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी कोकणातील मालवण येथे झाला. या घराण्याचे मूळ आडनाव पत्की; पूर्वजांपैकी कोणी सरकारी खजिन्याचे, म्हणजे भांडाराचे काम पाहत असल्यामुळे भांडारकर हे नाव पडले, असे सांगतात. वडील महसूल खात्यात कारकून होते. घरची स्थिती बेताचीच. मालवणात इंग्रजी शिक्षणाची सोय नव्हती. परंतु वडिलांची बदली रत्नागिरीस झाली आणि मुलाला तेथील इंग्रजी शाळेचे दार उघडले. त्या बदलीने एका कारकुनाचे बिऱ्हाड हलले एवढेच त्या दिवशी लोकांना दिसले असेल. पण एका मुलाच्या आयुष्याची दिशाही त्याच दिवशी ठरली.

रत्नागिरीचे शिक्षण संपल्यावर १८५३ मध्ये रामकृष्ण मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली ती याच वर्षी. मुंबईत तेव्हा नव्या विद्येचे वारे वाहत होते. दादाभाई नौरोजी यांच्यासारखे गुरू त्याला लाभले. दादाभाई गणित शिकवीत. रामकृष्णालाही गणिताची गोडी लागली होती. कोणतेही विधान सिद्ध केल्यावाचून स्वीकारायचे नाही आणि एक पायरी गाळून पुढच्या पायरीवर उडी मारायची नाही, ही गणिताची शिस्त त्याच्या अंगी पक्की मुरली. पुढे विषय बदलला, पण ही शिस्त सुटली नाही.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. १८५९ मध्ये त्या विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत भांडारकर होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढच्याच वर्षी भांडारकरांनी एम्. ए. ची पदवीही मिळवली.

या सुमारासच त्यांच्या आयुष्याला मोठे वळण लागले. शिक्षण खात्याचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड यांची अशी इच्छा होती, की इंग्रजी विद्येत तयार झालेल्या तरुणांनी आपल्या देशाच्या प्राचीन विद्येचाही अभ्यास करावा. भांडारकरांची दक्षिणा फेलो म्हणून नेमणूक झाली होती. पेशवाईत विद्वानांना दक्षिणा देण्याची प्रथा होती. त्याच निधीतून इंग्रजी अमलात या शिष्यवृत्त्या दिल्या जात. भांडारकरांना संस्कृत शिकण्यास सांगण्यात आले तेव्हा ते विशी ओलांडलेले, महाविद्यालयात शिकवू लागलेले तरुण होते. गणिताच्या वाटेने निघालेल्या माणसाला हे एक प्रकारे पुन्हा धुळाक्षरे गिरवण्यासारखेच होते. परंतु त्यांनी कमीपणा मानला नाही. पुण्यात जुन्या परंपरेतील शास्त्र्यांपुढे शिष्यभावाने बसून त्यांनी व्याकरण, न्याय आणि वेदान्त यांचे अध्ययन केले. अशा रीतीने शास्त्र्यांची पाठांतराची विद्या आणि पाश्चात्त्यांची चिकित्सेची विद्या यांचा त्यांच्या ठिकाणी संगम झाला.

यानंतर ते सिंधमधील हैदराबाद येथे आणि मग रत्नागिरी येथे मुख्याध्यापक झाले. ज्या गावी ते विद्यार्थी म्हणून शिकले, त्याच गावी आता ते शिकवू लागले. शिकवताना एक अडचण त्यांच्या ध्यानी आली. संस्कृत शिकायचे म्हणजे रूपावली आणि अमरकोश तोंडपाठ करायचा, अर्थ पुढे केव्हातरी कळेल, अशी तेव्हाची रीत होती. पुष्कळ मुले या घोकंपट्टीनेच दमून जात. भांडारकरांनी संस्कृताची दोन क्रमिक पुस्तके लिहिली. थोडे व्याकरण, थोडे शब्द आणि लगेच त्यांचा वाक्यांत उपयोग, अशी त्यांची चढती मांडणी होती. मार्गोपदेशिका आणि मन्दिरान्तःप्रवेशिका या नावांनी ती पुस्तके ओळखली जातात. एकाने वाट दाखवावी आणि दुसऱ्याने मंदिराच्या आत न्यावे, हा त्या नावांचा अर्थ. या पुस्तकांच्या आवृत्तींवर आवृत्ती निघाल्या आणि भारतातील कित्येक पिढ्या त्यांवरच संस्कृत शिकल्या.

१८६८ च्या सुमारास भांडारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक म्हणून काम पाहू लागले. त्यांच्या अध्यापनाची आणि लेखनाची कीर्ती पसरू लागली. ती जागा कायमची त्यांनाच मिळेल, असे सर्वांस वाटत होते. परंतु १८७३ मध्ये त्या जागेवर विलायतेहून आलेल्या एका गोऱ्या पंडिताची नेमणूक झाली आणि भांडारकरांना पुन्हा दुय्यम पदावर जावे लागले. परक्यांच्या राज्यात योग्यतेपेक्षा कातडीचा रंग अनेकदा वरचढ ठरत असे. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता, तर कडवट होऊन त्याने लेखणी खाली ठेवली असती. भांडारकरांनी तसे केले नाही. आपल्या योग्यतेचे उत्तर आपण आपल्या कामाने द्यायचे, असेच जणू त्यांनी ठरवले होते. त्यांचे काही उत्कृष्ट संशोधन याच वर्षांतील आहे.

त्यापैकी एक उदाहरण मोठे मनोरंजक आहे. पाणिनीच्या व्याकरणावर पतंजलीने महाभाष्य नावाचा प्रचंड ग्रंथ लिहिला. पण पतंजली केव्हा होऊन गेला, हे कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते. आपले प्राचीन ग्रंथकार स्वतःचा काळ सांगत नसत. मग तो शोधायचा कसा? भांडारकरांनी तो खुद्द व्याकरणाच्या उदाहरणांतून शोधला. वर्तमानकाळ केव्हा वापरावा हे समजावताना पतंजलीने सुरू झालेल्या पण अद्याप न संपलेल्या क्रियांची काही उदाहरणे दिली आहेत. त्यांतील एका उदाहरणाचा आशय असा, की आम्ही येथे पुष्यमित्रासाठी यज्ञ चालवीत आहोत. पुष्यमित्र हा शुंग वंशाचा राजा. त्याचा काळ इतिहासावरून ठाऊक होता. त्याच्यासाठी चाललेला यज्ञ ज्याला चालू क्रियेचे उदाहरण वाटतो, तो लेखक त्याच काळातला असला पाहिजे. दुसऱ्या एका ठिकाणी, लोकांना ठाऊक असलेली आणि बोलणाऱ्याने स्वतः पाहिली नसली तरी पाहणे शक्य होते अशी घटना कोणत्या भूतकाळात सांगावी, हे पतंजलीने स्पष्ट केले आहे. आणि तेथे यवनाने साकेत नगरीला वेढा घातल्याचे उदाहरण दिले आहे. यवनांची ती स्वारीही त्याच सुमाराची. यावरून पतंजली इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्यास होऊन गेला, असा निष्कर्ष भांडारकरांनी १८७२ मध्ये मुंबईतील इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात मांडला.

बर्लिनचे आल्ब्रेख्त वेबर हे त्या काळचे जगन्मान्य संस्कृत पंडित. त्यांना हे मत पटले नाही. दोघांमध्ये लेखांतून वाद झाला. एकीकडे युरोपातील कीर्तिमंत आचार्य आणि दुसरीकडे हिंदुस्थानातील पस्तिशीचा अध्यापक, असा तो सामना होता. भांडारकर नमले नाहीत आणि चिडलेही नाहीत. त्यांनी पुराव्यास पुरावा दिला. आज बहुतेक विद्वान पतंजलीचा काळ भांडारकरांनी सांगितला तोच मानतात. केवळ क्रियापदाच्या काळावरून ग्रंथकाराचा काळ शोधून काढणारी ही बुद्धी पाहिली, म्हणजे व्याकरण हा रुक्ष विषय आहे असे कोण म्हणेल?

आता आपण मूळ प्रश्नांकडे वळू. १७८६ मध्ये कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी असे दाखवून दिले होते, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील साम्य योगायोगाचे नाही. त्या एकाच उगमापासून निघाल्या असाव्यात. तो मूळ उगम आता लुप्त झालेला असावा. पुढे फ्रान्झ बॉप, याकोब ग्रिम इत्यादी युरोपीय पंडितांनी या साम्यामागील नियम शोधले. या भाषाकुलाला भारत-युरोपीय कुल असे नाव मिळाले. संस्कृतातील मातृ, लॅटिनमधील मातेर आणि इंग्रजीतील मदर; संस्कृतातील त्रि, लॅटिनमधील त्रेस आणि इंग्रजीतील थ्री, असे शेकडो शब्द त्याची साक्ष देतात. संस्कृतातील स च्या जागी इराणच्या प्राचीन भाषांत पुष्कळदा ह येतो. म्हणून आपल्या सिंधूचा त्यांनी हिंदु केला आणि सप्तचा हप्त. फारसीत सात दिवसांच्या आठवड्याला हफ्ता म्हणू लागले आणि तोच शब्द हप्ता होऊन मराठीत आला. म्हणजे सात आणि हप्ता हे शब्द हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले आणि मराठीच्या अंगणात पुन्हा भेटलेले दोन भाऊच होत. कन्नड भाषा मात्र द्राविड या निराळ्या कुलातील. म्हणून तिचा एळु वेगळा. कन्नड आणि मराठी या शेजारणी आहेत, त्यांनी एकमेकींपासून पुष्कळ शब्द घेतले आहेत. पण त्यांचे माहेर एक नाही.

हे नवे शास्त्र युरोपात वाढत होते. परंतु ज्या देशात संस्कृताचा अभ्यास शतकानुशतके चालत आला, त्या देशातील लोकांना त्याची फारशी वार्ता नव्हती. मुंबईचे विद्वान मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या नावाने मुंबई विद्यापीठात भाषाशास्त्रावरील व्याख्यानमाला सुरू झाली आणि १८७७ मध्ये तिचे पहिले व्याख्याते होण्याचा मान भांडारकरांना मिळाला. त्यांनी सात व्याख्याने दिली. संस्कृताची वाढ कशी झाली, तिच्यापासून पाली, प्राकृत आणि अपभ्रंश या भाषा कशा विकसित झाल्या आणि त्यांतून मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, सिंधी, पंजाबी या आजच्या भाषा कशा उदयास आल्या, याचा अखंड इतिहास त्यांनी श्रोत्यांपुढे उलगडला. एका भारतीय पंडिताने आपल्या भाषांचा नव्या शास्त्राच्या आधारे घेतलेला हा पहिलाच मोठा आढावा होता.

त्यांच्या प्रतिपादनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. भाषा बिघडत नाही. ती बदलते, आणि तिचे बदलणे नियमाने होते. बोलताना जिभेला कमी श्रम व्हावेत अशी माणसाची प्रवृत्ती असते. दोन भिन्न व्यंजने जोडून उच्चारणे कठीण जाते. म्हणून प्राकृत बोलणाऱ्यांनी त्यांचे एकच दुहेरी व्यंजन केले. पुढे ते दुहेरी व्यंजनही एकेरी झाले आणि त्याची भरपाई म्हणून मागचा स्वर लांबला. सप्त, सत्त, सात; कर्म, कम्म, काम; कर्ण, कण्ण, कान; हस्त, हत्थ, हात; दुग्ध, दुद्ध, दूध : या प्रत्येक ओळीत तीच वाट दिसते. वाटिका या शब्दातील ट चा ड झाला, क गळाला आणि वाडी उरली. नरसिंहाचे लोकांच्या तोंडी नरसो झाले आणि त्याला विठोबा, खंडोबा यांप्रमाणे आदराचा बा जोडला गेला. तेव्हा नरसोबाची वाडी म्हणणारा खेडूत शब्द बिघडवीत नसतो. हजारो वर्षे चालत आलेल्या वाटेनेच तो चाललेला असतो.

हा नियम केवळ शब्दांना लागू आहे असे नाही. वाक्यरचनेतही जुन्या खुणा सापडतात. रामाने आंबा खाल्ला, पण रामाने पोळी खाल्ली, असे आपण म्हणतो. खाणारा राम तोच. मग क्रियापद का बदलते? याचे उत्तर संस्कृतात आहे. रामाकडून आंबा खाल्ला गेला, अशा कर्मणी रचनेपासून आपला हा भूतकाळ निघाला आहे; म्हणून क्रियापद कर्त्याच्या मागे न जाता कर्माच्या मागे जाते. लहान मूलही जे न शिकता अचूक बोलते, त्याच्या मागे एवढा मोठा इतिहास उभा असतो.

पुढे ही व्याख्याने १९१४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भांडारकरांनी ती दिली तेव्हा आजची काही साधने उपलब्ध नव्हती. मध्य आशियातील तोखारी आणि तुर्कस्थानातील हित्ती या भारत-युरोपीय भाषांचा उलगडा विसाव्या शतकाच्या प्रारंभी झाला. त्यांच्या काही अनुमानांत पुढील पंडितांनी दुरुस्तीही केली आहे. पण शास्त्राची रीतच तशी आहे. पहिली वाट पाडणाऱ्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

भाषेच्या अभ्यासाला ग्रंथ हवेत, आणि जुने ग्रंथ तर घरोघरी, मठांत आणि मंदिरांत हस्तलिखितांच्या रूपाने बासनांत बांधून पडलेले. कित्येकांना कसर लागलेली, कित्येक ओलीने कुजलेले. सरकारने हस्तलिखितांच्या शोधाचे काम काढले, तेव्हा भांडारकरांनी त्यात पुढाकार घेतला. गुजरात व राजपुताना येथील जैन ग्रंथभांडारे त्यांनी तपासली. बाहेरच्या माणसाला आपला ग्रंथसंग्रह दाखवण्यास मालक सहसा तयार होत नसत. त्यांचा विश्वास संपादन करावा लागे. शेकडो पोथ्या त्यांनी मिळवल्या, वाचल्या आणि त्यांचे सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केले. त्या वृत्तान्तांमुळे अनेक विस्मृत ग्रंथ आणि ग्रंथकार पुन्हा उजेडात आले. याच परिश्रमांतून १८८४ मध्ये त्यांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ सिद्ध झाला. कोरीव लेख, नाणी आणि ग्रंथ यांचा मेळ घालून सातवाहनांपासून यादवांपर्यंतचा इतिहास त्यांनी मांडला.

आता त्यांची कीर्ती समुद्रापार गेली होती. १८८५ मध्ये जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. १८८६ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेस ते स्वतः गेले. समुद्र ओलांडणे हे त्या काळी अनेकांच्या मते निषिद्ध होते. पण ज्ञानासाठी केलेल्या प्रवासाने माणूस भ्रष्ट होतो, हे त्यांना मान्य नव्हते. दरम्यान पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते प्राध्यापक झाले होते. १८९३ मध्ये ते तेथून निवृत्त झाले आणि लगेच मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांची निवड झाली. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या परीक्षेस ते बसले, त्याचीच धुरा त्यांच्या खांद्यावर आली. १९११ मध्ये सरकारने त्यांना सर हा किताब दिला.

भांडारकरांची विद्या पोथीपुरती नव्हती. ते प्रार्थना समाजाचे एक आधारस्तंभ होते. मुलींच्या बालविवाहाचा प्रश्न १८९१ मध्ये देशभर गाजला, तेव्हा अनेक जण धर्मशास्त्राचा हवाला देऊन सुधारणेला विरोध करू लागले. भांडारकरांनी तीच धर्मशास्त्रे उघडली आणि त्यांत खरोखर काय सांगितले आहे ते पुराव्यानिशी मांडले. केवळ लिहून ते थांबले नाहीत. आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह त्यांनी घडवून आणला. त्याबद्दल त्यांना लोकनिंदा सोसावी लागली. विद्वान म्हणून ज्यांना लोक मान देत, त्यांनाच सुधारक म्हणून टीका ऐकावी लागली. दोन्ही प्रसंगी ते सारखेच शांत राहिले.

संशोधकाने न्यायाधीशासारखे असावे, अशी त्यांची धारणा होती. आपल्या देशाचे म्हणून सगळेच प्राचीन आणि सगळेच श्रेष्ठ मानणे त्यांना पसंत नव्हते. तसेच परदेशी पंडिताने म्हटले म्हणून आपले सर्व अर्वाचीन आणि उसने मानणेही त्यांना मान्य नव्हते. पुरावा नेईल तेथे जायचे, मग ते ठिकाण आपल्याला प्रिय असो वा नसो, हा त्यांचा बाणा होता. देशाभिमान आणि सत्य यांत विरोध नाही, सत्यावाचून देशाभिमान पोकळ असतो, हेच त्यांच्या सर्व लेखनातून दिसते.

उत्तरायुष्यात ते पुण्यास मुळा-मुठांच्या संगमाजवळ राहत. त्यांच्या घराचे नावही संगमाश्रम असेच होते. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या वयास ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, त्यांच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना केली. भांडारकरांनी जन्मभर जमवलेला आपला ग्रंथसंग्रह या संस्थेस देऊन टाकला. आज तेथे पंचवीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. तेथील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ मध्ये जगाच्या स्मृतिठेव्यात नोंद केली. १९१९ मध्ये त्याच संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य वृद्ध भांडारकरांच्या हस्ते सुरू झाले. देशभरच्या बाराशेंहून अधिक हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहण्याचे हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. आपण लावलेल्या वृक्षाची फळे पाहण्यास आपण असणार नाही, हे भांडारकरांना ठाऊक होते. तरी त्यांनी तो आनंदाने लावला. त्याच १९१९ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनीच भूषवले.

२४ ऑगस्ट १९२५ रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी या ज्ञानर्षीने पुण्यात देह ठेवला.

पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. तिच्याबरोबर पाली आणि प्राकृत यांनाही हा मान मिळाला. मराठी ही प्राकृताची आणि प्राकृत ही संस्कृताच्या परिवारातील, ही परंपरा शास्त्राच्या प्रकाशात पहिल्यांदा दाखवणाऱ्यांत मालवणच्या या कारकुनाच्या मुलाचे स्थान फार वरचे आहे.

नृसिंहवाडीच्या घाटावर उभे राहून पाहिले, तर कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरातून आलेली दिसत नाही. पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी मिसळले आहे, हेही दिसत नाही. दिसतो तो केवळ संगमाचा संथ प्रवाह. त्याचा उगम पाहायचा असेल, तर काठाकाठाने उलट चालत जावे लागते. आपल्या ओठांवरच्या साध्या शब्दांचेही तसेच आहे. भांडारकर आयुष्यभर तसे उलट चालत गेले आणि वाटेत जे जे दिसले, ते त्यांनी आपल्यासाठी प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

प्रश्न

१. नृसिंहवाडीच्या घाटावर लेखकाला कोणते दोन प्रश्न सुचतात? त्यांची उत्तरे तुमच्या शब्दांत लिहा.

२. पतंजलीचा काळ भांडारकरांनी कोणत्या पुराव्यावरून ठरवला?

३. योग्यता असूनही जागा न मिळाल्यावर भांडारकर कसे वागले? त्यांच्या वागण्यातून कोणता गुण दिसतो?

४. सप्त, सत्त, सात या क्रमाप्रमाणे पर्ण, चर्म आणि अष्ट या शब्दांपासून मराठीत कोणते शब्द झाले असतील ते शोधा.

५. तुमच्या गावाचे कागदोपत्री नाव आणि लोकांच्या तोंडचे नाव यांत फरक आहे का? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळी लिहा.